डबल बेल

माझे डोळे गेले तेव्हा मी नाथांवर रुसलो. देवावर रुसणारे आपण कोण, असं कुणी म्हणेल, पण आमचा संबंध जुना आहे. आमचं मूळ गाव सासवडकडचं. लहानपणी वडील मला खांद्यावर घेऊन कानिफनाथांच्या गडावर जायचे. पुढे मी माझ्या पायांनी जाऊ लागलो. पुण्यात सिटी बसवर ड्रायव्हर म्हणून लागलो, तेव्हा हडपसरच्या घरून सायकल काढायची, बोपदेव घाट चढायचा आणि गड गाठायचा असा नेमच करून घेतला. थंडी पडली की रजेच्या दिवशी एकदा तरी जायचंच. उपासतापास मला कधी जमले नाहीत, पोथीपुढे बसलो की डुलकी लागायची. रोज लोकांना इंजिनाच्या जोरावर फिरवतो, तर निदान नाथांकडे तरी स्वतःच्या मांड्यांच्या जोरावर जावं, एवढीच माझी भक्ती. तिच्यात थोडी मिजास होती, हेही खरं. वर पोचून घाम पुसताना मी मनात म्हणायचो, बघा, आलो की नाही.

निवृत्त झालो आणि पाठोपाठ काचबिंदूने गाठलं. हा आजार चोरपावलांनी येतो. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग समोरचं धुरकट झालं, आणि डॉक्टरांकडे गेलो तेव्हा ते म्हणाले की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायचा प्रयत्न करू. प्रयत्न त्यांनी मनापासून केला, मीही थेंब घालायला चुकलो नाही, पण ती टिकली नाही. आता मला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. सगळ्या नोकरीत ज्याच्या गाडीखाली कुणाचं बोट चेंगरलं नाही, त्याला स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत येताना भिंत चाचपावी लागते, याचा मला फार राग आला. मी नाथांना म्हटलं, तुमच्याकडे मी कधी काही मागितलं नव्हतं. निदान होतं ते तरी ठेवायचं. आणि त्या दिवसापासून मी त्यांचं नाव घेणं बंद केलं.

दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसायचो. घराखालून बस जाते. आवाजावरून ती कोणत्या गिअरमध्ये आहे ते मला कळतं. चढावर कुणी टॉपमध्ये गाडी रेटत असला की माझा जीव तुटायचा आणि मी वरून ओरडायचो, "अरे, सेकंड टाक, सेकंड." एकदा बायको आतून म्हणाली, "अहो, त्याला ऐकू जात नाही आणि मला सहन होत नाही. काहीतरी एक बदला." ती अशीच बोलते. पण रात्री माझं पांघरूण सारखं करताना तिचा हात जरा जास्त वेळ खांद्यावर राहायचा, तेव्हा मला कळायचं की तीही घाबरली आहे. मी घराबाहेर पडणं सोडलं होतं. काठी आणून दिली होती, ती दाराच्या मागे उभी होती.

आमची एकुलती एक मुलगी अश्विनी. हिंजवडीला कंपनीत आहे. हडपसर ते हिंजवडी म्हणजे रोजचं पुणे आडवं कापणं, पण तिने कधी कुरकुर केली नाही. सायकलचं वेड तिला माझ्याकडून आलं. तिच्या ऑफिसातली काही मुलं-मुली रविवारी सायकली घेऊन डोंगरात जातात. एका रविवारी ती घरी आली आणि खाली काहीतरी लांबलचक वस्तू भिंतीला लावल्याचा आवाज आला. बायको गॅलरीतून वाकून म्हणाली, "ही सायकल आहे की मालगाडी?" ती दोघांची सायकल होती, मित्राकडून काही दिवसांसाठी आणलेली. पुढे एक सीट, मागे एक. मागच्यालाही पॅडल असतं, पण त्याचं हँडल जागचं हलत नाही आणि त्याला ब्रेक नसतो.

अश्विनी म्हणाली, "पप्पा, आपण दोघं गडावर जाऊ."

मी तिला नाही म्हटलं. ती रोज विचारायची, मी रोज नाही म्हणायचो. शेवटी मी कंटाळून अट घातली. म्हटलं, "एकदा येतो. एकदाच. नाही जमलं, अर्ध्यातून परतावं लागलं, तर पुन्हा माझ्यापुढे सायकलचं नाव काढायचं नाही, आणि गडाचंही नाही. मला माझ्या खुर्चीत बसू द्यायचं." तिने माझी अट मलाच पुन्हा एकदा म्हणून दाखवली. मग म्हणाली, "चालेल." मला वाटलं होतं की मी तिला अडकवलं. आपण केवढी मोठी गोष्ट पणाला लावली आहे ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं, हे मला नंतर समजलं.

सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर सराव सुरू झाला आणि माझी अब्रू जायला लागली. इतकी वर्षं बस चालवलेल्या माणसाच्या उजव्या पायात एक गोष्ट मुरलेली असते: धोका आला की पाय खाली दाबायचा, गाडी थांबते. इथे उलटंच. अश्विनी ओरडायची, "पप्पा, खड्डा!" की माझा उजवा पाय ब्रेक समजून पॅडल दाबायचा आणि आम्ही दुप्पट वेगाने त्याच खड्ड्यात जायचो. वळणावर ती डावीकडे झुकली की मी बस सावरायची म्हणून उजवीकडे झुकायचो. एकदा आम्ही सरळ वॉचमनच्या खुर्चीवर गेलो. तो बिचारा आधीच उठून उभा राहिला होता, त्याला अंदाज आला असावा. अश्विनी हसत नव्हती. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही मागे बसून गाडी चालवताय."

"मग मी करायचं तरी काय?"

"काही नाही करायचं. पॅडल मारायचं."

काहीच करायचं नाही, हे आयुष्यात मला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या मागे नेहमी माणसं बसलेली असत आणि पुढे रस्ता असे. आता पुढे माझी मुलगी होती, आणि तिच्या पुढे काय आहे ते तीच जाणे.

यातून वाट काढली रफिकभाईने. रफिकभाई माझा कंडक्टर. एकाच गाडीवर आम्ही निम्मी नोकरी काढली. शुक्रवारची नमाज झाली की तो आमच्याकडे चहाला येतो, बायकोने केलेल्या चहाला नावं ठेवतो आणि दुसरा कप मागतो. आमचा सराव त्याने खाली उभं राहून बघितला आणि म्हणाला, "तुझी चूक काय होतेय सांगू? तू अजून स्वतःला ड्रायव्हर समजतोस. ड्रायव्हर ती पोरगी आहे. तू कंडक्टर. मागे उभं राहायचं, घंटी द्यायची, बाकी तोंड बंद." पुढच्या शुक्रवारी त्याने स्वतःच्या जुन्या सायकलची पितळी घंटी काढून आणली आणि माझ्या हँडलला बसवली. अश्विनीला नियम सांगितला. एक घंटी म्हणजे थांब, दोन घंट्या म्हणजे चल. डबल बेल पडल्याशिवाय गाडी हलवायची नाही, मग मागून बाप कितीही आरडाओरडा करो.

ज्यांनी जुन्या बसने प्रवास केला आहे त्यांना ती दोरीची घंटी आठवत असेल. ड्रायव्हरला मागचं दार नीट दिसत नाही. एखादी म्हातारी पायरीवर असते, कुणाचा पदर दारात असतो, कुणी मूल आत देऊन स्वतः खाली राहिलेला असतो. हे सगळं कंडक्टर बघतो आणि दोन ठोके देतो, टण टण, आणि ड्रायव्हर निघतो. मी एवढी वर्षं त्या दोन ठोक्यांवर माणसं वाहिली. त्या घंटीवर माझा किती विश्वास होता ते मला तेव्हा कधी जाणवलंही नाही. घंटी लागल्यावर आमचं जमलं. मी डबल द्यायचो, अश्विनी पॅडल दाबायची, मागोमाग मी दाबायचो, आणि मालगाडी निघायची. उजव्या पायाची खोडही हळूहळू गेली, कारण कंडक्टरला ब्रेक नसतो हे मी मनाला पटवलं होतं.

एका रविवारी झुंजूमुंजू होताना आम्ही निघालो. बायकोने दोघांच्या खिशात शेंगदाण्याचे लाडू कोंबले आणि मला म्हणाली, "पोरीच्या हाती जीव दिलाय, तिला शिकवायला जाऊ नका." हांडेवाडीच्या रस्त्याला थंडी चांगलीच झोंबत होती. उंड्री-पिसोळीकडे नव्या इमारतींचं काम चाललेलं, ओल्या सिमेंटचा वास आला. मी सायकलवर यायचो तेव्हा इथे ज्वारीचा वास यायचा. येवलेवाडी मागे पडली आणि रस्ता उचलला गेला. घाट सुरू झाल्याचं मला कुणी सांगावं लागलं नाही, मांड्यांनी सांगितलं.

आणि मग एक नवल घडलं. त्या घाटातून मी काही वर्षं बसही चालवली होती. डोळे नसले तरी अंगाला तो घाट पाठ होता. मी मागून सांगायचो, "आता डावं वळण येईल, त्याच्या पुढे जरा सपाट आहे, तिथे दम घे." आणि तसंच यायचं. अश्विनी म्हणायची, "पप्पा, तुम्हाला दिसतंय का?" बाजूने तरुण पोरं हलक्या सायकलींवर पुढे जायची आणि जाता जाता "भारी, काका" म्हणायची. त्या पोरांना माहीत नव्हतं की भारी काका नाहीत, पुढची पोरगी आहे. दोघांचं वजन, ती लांबलचक सायकल, आणि मागे वाकडा बाप, हे सगळं ती एका लयीत ओढत होती. तिच्या श्वासाचा आवाज माझ्या तोंडासमोर होता. मला त्या मुलीचा इतका अभिमान वाटला की घाटमाथा कधी आला कळलं नाही. माथ्यावर वारा लागला, आम्ही लाडू खाल्ले, आणि मला वाटलं, जमलं.

पण गडाचा चढ अजून बाकी होता. बोपगावापासून गडाकडे फाटा फुटतो. तो रस्ता लांब नाही, पण अंगावर येतो. बोपदेव घाट निदान माणसाला वळणावळणावर दम खाऊ देतो. हा देत नाही. आम्ही निम्म्याच्या वर गेलो असू, तेवढ्यात एका अरुंद वळणावर वरून जीप आली आणि अश्विनीला थांबावं लागलं. जीपवाल्याने बिचाऱ्याने वेग कमीच ठेवला होता, चूक कुणाचीच नव्हती. जीप गेली आणि आम्ही पुन्हा निघायला बघितलं, तर निघताच येईना.

दोघांच्या सायकलची ही खरी अडचण आहे. सपाटीवर दोघांचा जोर थोडा मागेपुढे पडला तरी चालतं. अशा उभ्या चढावर दोघांचा जोर एकाच क्षणी पडला नाही तर चाक हलत नाही. मी डबल द्यायचो, अंगठा घंटीवरून उचलून हँडल धरायचो आणि मग पॅडल दाबायचो. तोवर अश्विनीचा जोर वाया गेलेला असायचा. मी आधी दाबलं तर ती तयार नसायची. पुन्हा पुन्हा करून बघितलं. शेवटच्या वेळी सायकल हातभर पुढे सरकली, डगमगली, आणि आम्ही दोघं डाव्या अंगाला आपटलो. लोखंड दगडावर आपटल्याचा खणखणाट झाला. माझं कोपर सोलवटलं. मी जमिनीवर पडून हाताने चाचपत होतो आणि मला सायकल सापडत होती, दगड सापडत होते, मुलगी सापडत नव्हती. तेवढा एक क्षण मला जो अंधार दिसला तो काचबिंदूचा नव्हता.

"आहे, आहे मी," ती म्हणाली. "काही लागलं नाही."

मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसून राहिलो. मी म्हटलं, "वळव. घरी जाऊ." माझी अट तिला आठवत होती, मलाही आठवत होती. इथून वळलो की खुर्ची, गॅलरी आणि खालून जाणारी बस, एवढंच माझं उरलेलं आयुष्य, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. शेवटी ती म्हणाली, "ठीक आहे. बसा. मी वळवून घेते." रडू गिळून बोललेला आवाज बापाला ओळखू येतो.

तिने सायकल उभी केली, मला धरून सीटवर बसवलं आणि स्वतः पुढे बसली. सायकलचं तोंड अजून चढाकडेच होतं, पाय टेकत टेकत ती वळवायची होती, पण सवयीने आमचा एकेक पाय पॅडलवर गेला. तेव्हा मी खूप दिवसांनी नाथांशी बोललो. प्रार्थना म्हणता येईल असं त्यात काही नव्हतं. मी एवढंच म्हटलं, तुमच्या दारापर्यंत आलो होतो. माझ्याने होत नाही, आणि या पोरीला मी आणखी पडू देणार नाही. आता तुमचं तुम्ही बघा. असं म्हटलं आणि माझ्या अंगातला सगळा ताठा एकदम उतरला. हात हँडलवर होते, पण मी काही धरलेलं नव्हतं. कुठे वळायचं, कधी निघायचं, पडलो तर काय, काही मनात उरलं नाही. इतका मोकळा मी त्या सायकलवर आधी कधी बसलो नव्हतो.

आणि डबल बेल पडली.

टण टण. स्वच्छ, दोन ठोके. माझ्या पायांनी मला विचारलंच नाही. दोन ठोके पडले की निघायचं, हे त्यांना एका जन्माचं ठाऊक. त्याच क्षणी पुढून अश्विनीचा जोर पडला, अगदी त्याच क्षणी, आणि सायकल उचलल्यासारखी पुढे गेली. वळायचं होतं, ते कुणीच वळलं नाही. आम्ही वर निघालो होतो. पुढचा सगळा चढ आम्ही एक शब्दही न बोलता चढलो. माझे पाय तिच्या पायांच्या लयीत फिरत होते, की तिचे माझ्या, मला सांगता येणार नाही. छाती फुटायला आली होती आणि मला हसू येत होतं.

वर पार्किंगच्या सपाटीवर सायकलचा वेग मंदावला. शेवटचा थांबा आला म्हणून मी रफिकभाईच्या नियमाप्रमाणे एक घंटी द्यायला अंगठा नेला. अंगठ्याला वाटी लागली नाही. नुसता स्क्रू आणि खालची पट्टी होती, घंटीची पितळी वाटी जागेवर नव्हतीच. आम्ही पडलो तेव्हा दगडावर आपटून ती उडाली असणार.

मी विचारलं, "अगं, घंटी तू कुठून दिलीस?"

"मी?" ती धापा टाकत म्हणाली. "माझ्या हँडलला घंटी कुठंय? तुम्हीच दिलीत ना. मला वाटलं, तुम्ही म्हणताय वळू नको, चल. म्हणून तर मी निघाले." मग तिचा आवाज बदलला. "मी सगळा रस्ता रडत होते पप्पा. तुम्ही घंटी दिलीत म्हणून."

मी तिचा हात धरला आणि माझ्या हँडलवर नेऊन ठेवला. तिने तो स्क्रू चाचपला. डोंगरात शेरडं असतात, त्यांच्या गळ्यात घंटा असते. खालून एखादा सायकलवाला येत असेल. वर देवळात कुणी घंटा वाजवली असेल, वाऱ्याने आवाज खाली आला असेल. हे सगळं मलाही सुचतं. मी कुणाशी वाद घालणार नाही, आणि कुणी माझ्याशी घालू नये. दोघांनी ऐकलेली गोष्ट मी जशी ऐकली तशी सांगतो आहे.

गडावरच्या देवळाचं दार ज्यांनी बघितलं आहे त्यांना मी काय सांगणार. गाभाऱ्यात जायला जेमतेम एक माणूस सरपटत जाईल एवढीच फट आहे. शर्ट काढायचा, पट्टा काढायचा, आणि अंग चोरून आत शिरायचं. बायकांनी बाहेरूनच दर्शन घ्यायचं, अशी तिथली रीत. अश्विनीने मला दारापर्यंत आणलं, माझा हात दगडावर ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मी शर्ट सांभाळते." मी आयुष्यभर त्या रीतीशी कधी भांडलो नव्हतो. त्या दिवशी मात्र ती मला टोचली. आत डोकं घालताना मी मनात म्हटलं, नाथबाबा, माझी ड्रायव्हर बाहेर उभी आहे, तिची तुम्हीच काय ती नोंद घ्या.

खांद्याशी मी अडकलो. पूर्वी असा कधी अडकलो नव्हतो, वयाने पोट आलं होतं. आतून पुजाऱ्याचा आवाज आला, "श्वास सोडा, बाबा. छाती फुगवली की मानूस हितं आडकतंय. सोडा, सोडा. हां, आलं बघा." श्वास सोडला आणि मी आत होतो. आत अंधार असतो. डोळस माणसंही तिथे चाचपतच असतात. किती तरी दिवसांनी मी अशा जागी होतो जिथे माझ्यात आणि दुसऱ्यात काही फरक नव्हता. मी नाथांपुढे डोकं टेकलं. काही मागितलं नाही. पूर्वी वर आलो की म्हणायचो, बघा, आलो की नाही. त्या दिवशी तोंडातून निघालं, आणलंत. रुसवा कुठे गेला ते मला आठवत नाही. बहुतेक शर्टाबरोबर बाहेरच राहिला.

परत येताना त्या वळणावर अश्विनी थांबली. मी सायकल धरून उभा राहिलो आणि ती गवतात शोधत राहिली. घंटीची वाटी तिला सापडली, जिथे आम्ही आपटलो होतो तिथेच, दगडाच्या पलीकडे, एका कडेला चेपलेली. तिने ती माझ्या तळहातावर ठेवली. उन्हाने जराशी कोमट झालेली होती. घरी आल्यावर बायकोने दार उघडलं आणि पहिलं वाक्य बोलली ते मुलीला, "गुडघा एवढा फुटलाय आणि वर काही लागलं नाही म्हणून सांगितलं असशील." तसंच होतं. फुटलेल्या गुडघ्याने तिने मला गडावर नेलं आणि परत आणलं होतं, आणि वाटेत मला कळू दिलं नव्हतं. बायको हळद लावत होती आणि रागावत होती, आणि मी माझ्या खुर्चीत न बसता त्या दोघींजवळ जमिनीवर बसून राहिलो.

शुक्रवारी रफिकभाई आला. मी त्याला सगळं सांगितलं आणि ती चेपलेली वाटी दाखवली. तो ती बोटांनी ठोकून सरळ करत बसला. मी विचारलं, "कुणी दिली असेल रे?"

"मला विचारू नकोस," तो म्हणाला. "मी घरी झोपलो होतो. माझी ड्युटी संपली." मग चहाचा घोट घेऊन म्हणाला, "इतकी वर्षं मी मागून डबल दिली. एकदा तरी मागे वळून बघितलंस, कोण देतंय ते?"

"नाही."

"मग आता कशाला बघतोस? घंटी पडली, गाडी निघाली. बस्स."

अहंकार सोडावा असं सगळे संत सांगतात. मला तो पूर्ण सोडता आलेला नाही, कारण रविवारी रस्त्यावर कुणी "ही तुमची मुलगी का?" असं विचारलं की माझी छाती अजून फुगते, आणि या फुगलेल्या छातीने मी नाथांच्या दारात पुन्हा अडकणार हे मला दिसतंय. तेवढं ते समजून घेतील. बाकी त्यांच्याशी माझं भांडण राहिलेलं नाही. त्यांनी माझे डोळे परत दिले नाहीत. मला माझी जागा बदलून दिली, आणि नवी जागा मागची आहे, बिनब्रेकची आहे, हे स्वीकारायला एक गड चढावा लागला. मित्राची सायकल परत गेली, आता आमची स्वतःची आहे. दर रविवारी आम्ही निघतो. काठी दाराच्या मागून बाहेर आली आहे, खालच्या वाण्यापर्यंत मी एकटा जातो. गॅलरीतून मी अजूनही बसवाल्यांना ओरडतो, तेवढं मात्र बायकोच्या नशिबातून सुटलं नाही.

रफिकभाईने वाटी पुन्हा बसवून दिली आहे. तिचा आवाज जरा बसका झाला आहे, पण ती वाजते. अश्विनी पुढे बसते, एक पाय जमिनीवर ठेवून वाट बघते. माझा अंगठा घंटीवर असतो. पण वाजवण्याआधी मी क्षणभर थांबतो आणि कान देतो, दुसरं कुणी देतंय का. नाही आली, की मग मी देतो.